गेल्या राजाची पावती : प्रस्तावना

दामाजीपंतांची गोष्ट सोलापूर जिल्ह्यात कुणाला नव्याने सांगावी लागत नाही. मंगळवेढ्याचे कोठार, बाहेर दुष्काळाने कासावीस झालेली माणसे आणि आत बिदरच्या बादशहाचे धान्य. पंत कोठार उघडतात, धान्य वाटून टाकतात, मग बादशहाचे बोलावणे येते. पंत अजून बिदरच्या वाटेवर असतानाच दरबारात विठू महार नावाचा एक जण हजर होतो आणि धान्याची सगळी किंमत चुकती करतो. त्याच्या एवढ्याशा थैलीतून नाणी कशी संपता संपत नाहीत, हे कीर्तनकार रंगवून सांगतात. मला मात्र त्यापुढचा भाग अधिक मोलाचा वाटतो. पैसे मोजून झाल्यावर विठू लगेच निघत नाही, तो पावती मागतो. पावती हातात पडल्यावरच तो दरबार सोडतो आणि ती पंतांच्या नित्यपाठाच्या गीतेत नेऊन ठेवतो. प्रत्यक्ष पांडुरंग भरणा करायला आला तरी पावतीवाचून भागत नाही, हे ज्या लोकांना सुचले त्यांनी सरकारी कचेरी चांगलीच जवळून पाहिलेली असणार.

या संग्रहात अशाच गोष्टी आहेत. बार्शी, वैराग, तुळजापूर, परंडा, नळदुर्ग, मंगळवेढा या टापूत सांगितल्या जाणाऱ्या, आणि त्यांच्या जोडीला जुन्या मराठी छापील वाङ्मयातले काही उपहासपर लेखन. धागा एकच आहे : जी राजवट गेली, तिच्याविषयी मागे राहिलेली माणसे काय सांगतात, कशाला हसतात आणि कशाला हसत नाहीत. बहमनी, निजामशाही, आदिलशाही, मोगल, पेशवाई, कंपनी सरकार आणि शेवटी हैदराबादचा निजाम, इतक्या अंमलांखालून हा मुलूख गेला. एवढे राजे पाहिलेल्या लोकांकडे राजाविषयी बोलण्यासारखे काही नसते तरच नवल.

संग्रहाच्या अखेरीस वॉशिंग्टन आयर्विंग या अमेरिकी लेखकाच्या दोन गोष्टी मराठीत दिल्या आहेत. वैरागच्या पुस्तकात हडसन नदीकाठच्या डच माणसांचे काय काम, असे कुणीही विचारील. म्हणून आधी त्यांच्याविषयी.

आज ज्याला आपण न्यूयॉर्क म्हणतो ते मुळात डच व्यापारी कंपनीचे ठाणे, न्यू ॲमस्टरडॅम. १६६४ साली गव्हर्नर पीटर स्टायव्हेसंट याने ते इंग्रजांच्या हवाली केले. (त्याच दशकात आपल्याकडे पोर्तुगीजांची मुंबई इंग्रजांना आंदण मिळाली.) डच सरकार गेले, पण डच माणसे, त्यांची शेते, आडनावे आणि भुतेखेते तिथेच राहिली. पुढे १७८३ साली याच शहरात आयर्विंग जन्मला. बाप स्कॉटलंडकडचा, आई इंग्लंडची, म्हणजे डचांशी नात्याने काही संबंध नाही. सव्वीस वर्षांच्या या तरुणाने १८०९ च्या ऑक्टोबरात वर्तमानपत्रात एक निवेदन छापवून आणले : काळा कोट घातलेला, डोक्याने जरा सरकलेला निकरबॉकर नावाचा एक म्हातारा खाणावळीतून बेपत्ता झाला आहे. काही दिवसांनी खाणावळवाल्याच्या नावाने दुसरे निवेदन आले, की म्हाताऱ्याच्या खोलीत एक चमत्कारिक हस्तलिखित सापडले आहे आणि तो परतला नाही तर थकलेल्या बिलापोटी ते विकावे लागेल. डिसेंबरात ते 'हस्तलिखित' छापून बाहेर पडले. तोच हा डच राजवटीच्या अखेरपर्यंतचा न्यूयॉर्कचा विनोदी इतिहास. पाच वर्षांपूर्वीच तिथे इतिहास संशोधनाची एक प्रतिष्ठित संस्था निघाली होती. आयर्विंगने आपले पुस्तक गंभीर चेहऱ्याने तिलाच अर्पण केले.

त्या पुस्तकातला एक प्रसंग या संग्रहाच्या दृष्टीने फार कामाचा आहे. व्होटर व्हॅन ट्विलर हा गव्हर्नर उंचीला पाच फूट सहा इंच आणि घेराला सहा फूट पाच इंच. त्याच्यापुढे दोन व्यापारी हिशेबाचा तंटा घेऊन येतात. गव्हर्नर दोघांच्या वह्या मागवतो, हातात तोलून पाहतो, पाने मोजतो, बराच वेळ चिलीम ओढतो आणि निकाल देतो : दोन्ही वह्या सारख्याच जाड आणि सारख्याच वजनाच्या आहेत, तेव्हा हिशेब बरोबर जुळला. दोघांनी एकमेकांना पावती द्यावी आणि खर्च शिपायाने भरावा. त्यानंतर त्याच्या कारकिर्दीत कुणी दावा म्हणून लावला नाही, असे आयर्विंग सांगतो. बिरबलाच्या नाहीतर तेनालीरामाच्या गोष्टीत हा प्रसंग जसाच्या तसा घुसवला तर आपल्याकडे कुणाला संशयही येणार नाही.

पण दोन पावत्यांमध्ये अंतर आहे. आयर्विंगची पावती गव्हर्नरला मूर्ख ठरवते. दामाजीपंतांची पावती पंतांचा जीव वाचवते. आयर्विंग हसला तेव्हा डच अंमल जाऊन एकशे पंचेचाळीस वर्षे झाली होती. तुरुंगात टाकणारे कुणी उरले नव्हते, फार तर काही जुनी डच घराणी रुसली. शिवाय दुसऱ्या एका गव्हर्नराच्या आडून त्याने आपल्याच काळातल्या राष्ट्राध्यक्ष जेफर्सनलाही चिमटे काढून घेतले. आपल्याकडची गोष्ट वेगळी. इथे बादशहा जिवंत असताना, त्याचा अंमलदार चावडीवर बसलेला असतानाच हसावे लागले. म्हणून आपले हसे राजाच्या पोटाच्या घेराकडे फारसे गेले नाही. ते कारभाराकडे वळले : कोतवालाकडे, कुलकर्ण्याकडे, हुकमाकडे, दप्तराकडे. या संग्रहातली कुठलीही राजवट उघडा, हा कल दिसेल.

याचा सर्वांत जुना आणि सर्वांत कसदार पुरावा एकनाथांचा. नाथांचे गुरू जनार्दनस्वामी दौलताबादच्या किल्ल्यावरचे अधिकारी. म्हणजे फारसी मायन्याचे कागद, वसुलीचे तगादे, शिक्कामोर्तब हे सगळे नाथांनी पंढरीच्या वाटेवर नाही, कचेरीच्या उंबऱ्यावर पाहिलेले. त्यांच्या भारुडांत अर्जदस्त आहे, ताकीदपत्र आहे, अभयपत्र आहे. सरकारी अर्जाचा तोच थाट, तीच लांबलचक सलामी. फक्त परगणा म्हणजे माणसाचे शरीर. जीव, बुद्धी, काम, क्रोध हे त्यातले अंमलदार आणि वसुलीला येणारा यम. ऐकणाऱ्याला अध्यात्म कळतेच, पण हसू येते ते कागदाच्या नकलेला. जोहाराच्या भारुडांत तर बोलणारा गावचा महार आहे आणि गावकामगारांचा सगळा भ्रष्ट कारभार तो हात जोडून धन्याला सांगतो. देवाच्या आडून सरकारची टर उडवण्याची ही युक्ती १५९९ पूर्वीची आहे. निकरबॉकर म्हाताऱ्याच्या आडून बोलणारा आयर्विंग या बाबतीत नाथांच्या मानाने पुष्कळ उशिरा आला.

आता या टापूची भूमी. वैराग बार्शी तालुक्यात आहे आणि बार्शी तालुका इंग्रजी अमलात असताना जवळजवळ चहूबाजूंनी निजामाच्या मुलखाने वेढलेला होता. पूर्वेकडे निघाले की थोड्याच अंतरावर तुळजापूर, ते निजामाचे; वायव्येकडे परंडा, तेही निजामाचे. लोक त्याला 'मोगलाई' म्हणत आणि इकडच्या भागाला 'खालसा'. मोगलाईत हाली सिक्का चाले, खालशात कलदार रुपया, आणि साधारण सात हाली म्हणजे सहा कलदार असा भाव. मधे करोडगिरीचे नाके. लेक या मुलखात दिलेली, माहेर त्या मुलखात. बैल इकडच्या बाजारात घेतलेला, जकात तिकडे. एका राजवटीतून दुसऱ्या राजवटीत जायला इथल्या माणसाला आयर्विंगच्या रिप व्हॅन विंकलसारखे वीस वर्षे झोपावे लागत नव्हते, सकाळच्या न्याहारीनंतर निघाले तरी पुरे. अशा शिवेवर किस्से पिकणारच. नाक्यावरच्या जमादाराला कसे बनवले, दोन सरकारांच्या शिपायांना एकमेकांत कसे गुंतवले, फरार माणूस कसा चार कोस चालून सुरक्षित झाला, असले बरेच किस्से या संग्रहात आले आहेत. त्यांतले खरे किती आणि पारावर वाढवलेले किती, ते ज्याचे त्याने ठरवावे.

शिवाय ही शीवही एका जागी टिकली नाही. १८५३ साली निजामाने धाराशिव-नळदुर्गचा भाग कर्जापोटी इंग्रजांकडे दिला आणि १८६० साली तो परत मिळवला. त्या मधल्या काळात नळदुर्गला कारभार पाहायला आलेला अधिकारी म्हणजे फिलिप मेडोज टेलर, ठगांच्या जबानीवरची कादंबरी लिहून विलायतेत गाजलेला. तुळजापूर, नळदुर्ग ही ठिकाणे त्याने डोळे भरून पाहिली आणि पुढे 'तारा' ही कादंबरी लिहिली. तिचा काळ विजापूरच्या आदिलशाहीचा, नायिका तुळजापूरच्या शास्त्र्याची मुलगी. ती १८६३ साली प्रसिद्ध झाली. योगायोग असा, की त्याच वर्षी मुंबईत मोरोबा कान्होबा यांचे 'घाशीराम कोतवाल' हे मराठी पुस्तक छापले गेले. एक गोरा साहेब आदिलशाहीची कथा लिहितो आहे आणि एक मराठी माणूस पेशवाईतल्या कोतवालाची. राज्य मात्र दोघांवरही एकाच राणीचे. आपल्याकडे गेलेल्या राजवटीचे छापील वाङ्मय कसे सुरू झाले, हे दाखवायला मला याहून सोयीचे साल सापडत नाही.

घाशीराम पुण्याचा कोतवाल. १७९१ साली त्याच्या कोठडीत दक्षिणेकडचे ब्राह्मण गुदमरून मेले, लोक खवळले आणि त्याला दगडांनी ठेचून मारण्यात आले. मोरोबांच्या पुस्तकात कथा, माहिती आणि उपदेश यांची सरमिसळ आहे. कादंबरी म्हणून ते आज कुणी वाचणार नाही. पण निवड पाहा. पेशवाई जाऊन पंचेचाळीस वर्षे झाली होती. लिहायला बाजीराव होता, नाना फडणवीस होता. त्यांनी उचलला कोतवाल. शंभराहून अधिक वर्षांनी, १९७२ साली विजय तेंडुलकरांनी त्याच कोतवालाला रंगभूमीवर आणले, तेव्हा जब्बार पटेलांच्या दिग्दर्शनातली ती माणसांची भिंत पाहून काही प्रेक्षक खवळले आणि काही भारावले. खवळणाऱ्यांचे म्हणणे होते की नानाची बदनामी झाली. आयर्विंगवर रुसलेल्या डच घराण्यांची तक्रार यापेक्षा फार वेगळी नव्हती.

पेशवाईवरचे हसे मुळात सुरू झाले ते घरातूनच. गोपाळ हरी देशमुख म्हणजे लोकहितवादी. त्यांचे वडील पेशव्यांचे सेनापती बापू गोखले यांच्या पदरी होते. त्या घरातल्या मुलाने १८४८ पासून भाऊ महाजनांच्या 'प्रभाकर' पत्रात पेशवाईतल्या आळशी भटभिक्षुकांची, भोजनभाऊ सरदारांची आणि पोकळ विद्वत्तेची अशी काही सालटी काढली की ती पत्रे आजही बोचतात. आयर्विंगच्या मानाने हे धाडस मोठे. तो परक्याच्या आजोबांना हसत होता, हे स्वतःच्या. जोतीराव फुले आणखी पुढे गेले. 'तृतीय रत्न' हे नाटक १८५५ चे, 'गुलामगिरी' १८७३ ची. त्यांनी गेलेल्या राजवटीचा शोध पेशवाईत थांबवलाच नाही, थेट दशावतारांपर्यंत मागे नेला आणि पुराणातले अवतार म्हणजे स्वाऱ्या करणारे परके, अशी खट्याळ उलटतपासणी मांडली. त्या उलटतपासणीत एक राजा मात्र हसण्यावारी गेला नाही. तो म्हणजे बळी. आमच्याकडे बाया ओवाळताना आजही बळीचे राज्य येवो म्हणतात. बाकी सगळे गेलेले राजे गेले म्हणून लोक सुटकेचा श्वास टाकतात, हा एकटा परत यावा असे मागतात. या विषयाचा कुठलाही नकाशा काढला तरी बळीची जागा त्याच्या कडेला, वेगळ्या शाईने दाखवावी लागेल.

तमाशाचा प्रवाह याला समांतर चालला. सोलापूरच्या राम जोशींच्या काळी लावणी दरबारात होती. दरबार गेला तसा फड गावोगाव फिरू लागला. उमा बाबू सावळजकरांचा 'मोहना बटाव' हा पहिला वग मानतात, तो एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातला. वगाने एक राजा, एक प्रधान, एक कोतवाल असे कायमचे त्रिकूट उभे केले. त्या राजाला गाव नाही, साल नाही. इंग्रजांचे राज्य असले तरी तो फेटाच बांधतो, स्वातंत्र्य मिळाले तरी फेटाच. वसंत सबनिसांच्या 'विच्छा माझी पुरी करा'मध्ये १९६५ साली हेच त्रिकूट उभे राहिले, तेव्हा ते कुणाविषयी चालले आहे हे कळायला कुणाला टीप लागली नाही. गेलेल्या राजाचा अंगरखा चालू राजाला घालून बघायचा, ही सोंगाड्याची रीत. अर्थात सगळेच वग असे धारदार नाहीत. बरेचसे नुसते चावट आहेत, आणि त्यांत समाजपरिवर्तन शोधणाऱ्या अभ्यासकांची मला कधी कधी दया येते.

गोष्टी जमवणाऱ्यांचा इतिहास निराळा. मुंबईच्या गव्हर्नराची मुलगी मेरी फ्रिअर १८६५ च्या सुमारास बापाबरोबर दख्खनच्या दौऱ्यावर होती. सोबतीला दुसरी बाई नाही, म्हणून ती आपल्या आयेकडून, ॲना लिबेराता डिसूझाकडून, गोष्टी ऐकत बसे. त्यांचे इंग्रजी पुस्तक १८६८ साली निघाले आणि भारतीय लोककथांच्या पहिल्या संग्रहांत त्याची गणना होते. त्यात ॲनाची स्वतःची हकिकत आहे हे विशेष. पूर्वज लिंगायत, मग घराणे ख्रिस्ती झालेले, आणि नोकरी इंग्रजांकडे. तीन राजवटींचा गाळ एका बाईच्या जिभेवर. पुढे आपल्या लोकांनी हे काम हाती घेतले : साने गुरुजींनी ओव्या गोळा केल्या, दुर्गा भागवतांनी शास्त्र सांगितले, सरोजिनी बाबरांनी लोकसाहित्य समितीतून गावोगावचा ठेवा छापला, रा. चिं. ढेऱ्यांनी देवळांच्या मागचा इतिहास उकरला, प्रभाकर मांड्यांनी मराठवाड्याची भटकी माणसे ऐकली. यांच्यात दोन-तीन वळणे स्पष्ट दिसतात. काहींना गोष्टीच्या सालीखाली घडलेल्या इतिहासाचा दाणा हवा असतो. मग १४६० च्या सुमाराच्या दुष्काळाला दामाजीपंतांचा दुष्काळ म्हणतात, एवढ्यावर त्यांचे समाधान होते. काहींना गोष्टीत भक्ती दिसते. महिपतींनी अठराव्या शतकात 'भक्तविजया'त दामाजी सांगितला तो त्याच डोळ्यांनी. आणि काहींना दिसते जात : धान्य वाटणारा ब्राह्मण, पण पैसे भरायला येतो महार, तो का, हा प्रश्न ते विचारतात. तिसरा प्रश्न मला सर्वांत सुपीक वाटतो.

कारण त्याच बिदरच्या बादशहाची दुसरी एक गोष्ट महार समाजात सांगत आले आहेत, अमृतनाकाची. बादशहाच्या बेगमेला सोडवून आणण्याची कामगिरी अमृतनाक पत्करतो. निघण्यापूर्वी तो बादशहाच्या हवाली एक बंद डबी करतो. परतल्यावर लोक संशय घेतात, डबी उघडली जाते आणि तिच्यात त्याने आपल्या निष्ठेची जी किंमत आधीच मोजलेली असते ती पाहून दरबार गप्प होतो. बादशहा म्हणतो, माग. अमृतनाक स्वतःसाठी काही मागत नाही, आपल्या लोकांसाठी बावन्न हक्क मागतो. खळ्यावरच्या धान्याचा वाटा, मेलेल्या जनावराचे कातडे, असे हक्क. या गोष्टीत हसण्यासारखे काही नाही. ती दस्तऐवज आहे. बहमनी राज्य बुडाल्यावरही कित्येक पिढ्या गावकीत भांडण झाले की ती साक्षीला उभी राहत होती. त्याच हक्कांच्या वतनाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी गुलामीचा दोर म्हटले आणि १९२८ साली मुंबईच्या कौन्सिलात वतनकायदा बदलण्याचे विधेयक आणले. ती वतने प्रत्यक्षात रद्द झाली ती १९५८ च्या कायद्याने. गोष्ट एकच, पण आजोबांना तिच्यात सन्मान दिसला आणि नातवाला बेडी. संपादकांनी तिची रूपे शेजारी शेजारी छापली आहेत, कुठलेही 'खरे' ठरवलेले नाही, हे मला फार आवडले.

हडसनकाठीही असे घडले. डच काळातल्या जमीनदारीचे करार इंग्रजांनी पाळले, अमेरिकेनेही पाळले, आणि आयर्विंगच्या गोष्टी वाचून लोक हसत असताना १८३९ पासून तिथले कुळवाडी खंडाविरुद्ध उठले, तेही रंगीत झगे आणि मुखवटे घालून. विनोदी डच म्हातारा पुस्तकात होता, त्याच्या जमिनीचा खंड वास्तवात होता.

आयर्विंगच्या ज्या दोन गोष्टी इथे घेतल्या आहेत त्या १८१९-२० मधल्या. रिप व्हॅन विंकल डोंगरात झोपतो आणि वीस वर्षांनी उठतो. मधल्या काळात अमेरिका स्वतंत्र झालेली. गावच्या खाणावळीवरच्या पाटीवर राजा जॉर्जचा चेहरा होता तो तसाच आहे; फक्त तांबडा कोट निळा केला आहे, हातातल्या राजदंडाची तलवार केली आहे आणि खाली जनरल वॉशिंग्टन लिहिले आहे. मूळ कल्पना जर्मन लोककथेतली, आणि गोष्ट लिहिली तेव्हा आयर्विंग इंग्लंडात होता. आपल्याकडे मुचकुंद राजा गुहेत झोपला होता, युगे उलटल्यावर कालयवनाच्या लाथेने जागा झाला. पण मुचकुंद बाहेर येऊन तपाला गेला, रिप खाणावळीच्या बाकावर जाऊन बसला आणि गप्पा मारू लागला. आमच्या द. मा. मिरासदारांचा एखादा इरसाल गावकरी त्याच्या शेजारी सहज बसला असता. मिरासदार अकलूज-पंढरपूरचे, म्हणजे याच जिल्ह्याचे. त्यांच्या 'भुताचा जन्म'मध्ये भूत कसे तयार होते ते पाहावे आणि मग आयर्विंगचा मुंडके नसलेला घोडेस्वार वाचावा.

तसे डच आपल्याकडेही होते. जुन्या मराठी कागदांत त्यांना वलंदेज म्हणत. वेंगुर्ल्याला त्यांची वखार होती, तिचे पडके अवशेष अजून आहेत. पण वलंदेजांवरचा विनोद असा मराठीत ऐकलेला नाही. ते व्यापार करून निघून गेले. त्यांनी आमची पाहणी केली नाही, खळ्यावर येऊन धान्य मोजले नाही, जबाब घेतले नाहीत. ज्याच्या कचेरीत हेलपाटे घातले त्याचीच नक्कल लोक करतात.

राजा जातो आणि कचेरी राहते, याचा अनुभव आपण आत्ताही घेतो आहोत. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला, फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले. तरी दप्तर, फिर्याद, जमीन, वसूल आपल्या जिभेवरून हलले नाहीत. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौज सोलापुरातून नळदुर्गच्या बाजूने मोगलाईत शिरली आणि १७ तारखेला निजामाचे राज्य संपले. पण २०२३ पासून मराठवाड्यातल्या कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती बसली, तेव्हा निजामकालीन उर्दू आणि मोडी कागदांचे गठ्ठे पुन्हा सोडले गेले. २ सप्टेंबर २०२५ च्या शासन निर्णयाने तर हैदराबाद गॅझेटमधल्या नोंदींचा आधार घेण्याची वाट मोकळी केली. तो निर्णय योग्य की अयोग्य, हा वाद प्रस्तावनेत आणण्याचे कारण नाही. मला दिसते ते एवढेच, की १९४८ साली गेलेल्या राजाच्या दप्तरात आपले नाव सापडते का, हे पाहायला लाखो माणसे धडपडत आहेत. दामाजीपंतांच्या गीतेतली पावती ज्या समाजाने कल्पिली तो समाज बदललेला नाही.

हा संग्रह आत्ता वाचावा याचे हे एक कारण. दुसरे कारण अधिक नाजूक आहे. गेल्या राजवटींविषयी हल्ली आपल्याकडे एकाच सुरात बोलण्याची सवय लागते आहे. पडद्यावर, मोबाइलवर, सभेत सुलतान दिसला की तो डोळे वटारूनच येतो. या संग्रहातले सुलतान तसे एकसुरी नाहीत. तुळजापुरावर चालून आलेला अफझलखान इथे क्रूरच आहे आणि त्याच्या स्वारीच्या धास्तीने मूर्ती लपवण्याच्या कथांत भीती खरी आहे. माचणूरच्या सिद्धेश्वराच्या कथेत बादशहाने विटंबनेसाठी पाठवलेल्या नैवेद्याची ताटावरचे वस्त्र काढताच पांढरी फुले होतात. औरंगजेबाची छावणी १६९५ नंतर काही वर्षे शेजारी ब्रह्मपुरीला होती, हे त्यामागचे वास्तव. पण दामाजीच्या गोष्टीतला बादशहा शेवटी विठूच्या शोधात व्याकूळ होतो. अमृतनाकाचा बादशहा दिलेला शब्द पाळतो. लोकांनी प्रत्येक राजाला ज्याचे त्याचे माप दिले आहे. तो हिशेब सरसकट पुसून एकाच रंगात रंगवणे मला कथा सांगणाऱ्यांचा अपमान वाटतो, मग रंग कुठलाही असो.

आता पुस्तकाविषयी. संपादकांनी कालानुक्रम ठेवलेला नाही, आणि ते बरे केले. लोककथेत बहमनी बादशहा, विजापूरचा सुलतान आणि औरंगजेब एकमेकांच्या जागा सहज घेतात. त्यांना सालवार बसवायला गेले की गोष्टी मोडतात. त्यांनी गोष्टी कामानुसार लावल्या आहेत : वसुलीच्या, न्यायाच्या, नाक्याच्या, देवळाच्या, खजिन्याच्या. खजिन्याचा भाग मला किंचित लांबलेला वाटला. परंडा आणि नळदुर्ग असे दोन किल्ले हाताशी असल्यावर पुरलेल्या हंड्यांच्या कथांना तोटा नाही, पण दहा वाचल्यावर अकरावीत काय निघणार हे आधीच कळते. उलट नळदुर्गच्या पाणीमहालाच्या गोष्टी अजून हव्या होत्या. नदी अडवून धरणाच्या भिंतीत महाल बांधणाऱ्या आदिलशहाविषयी लोकांना जे कौतुक आहे, त्यात उपहासाचा लवलेश नाही, आणि तेही नोंदवण्यासारखे आहे.

बोली शुद्ध केलेली नाही. बार्शीकडचे आणि तुळजापूरकडचे बोलणे कानाला निराळे लागते, ते तसेच ठेवले आहे. मोगलाईतल्या सांगणाऱ्यांच्या तोंडी दखनी उर्दूचे तुकडे येतात, तेही तसेच आहेत. अर्थ ओघात लागतो. एक उणीव मात्र सांगायला हवी. सांगणारे बहुतेक पुरुष आहेत, पारावरचे. जात्यावरच्या ओव्यांत राजा कसा येतो, सासरच्या जाचाला बाई 'मोगलाई' म्हणते तेव्हा ती कुणाची नक्कल करत असते, हे यात फारसे नाही. मुसलमान घरांतून सांगितल्या जाणाऱ्या कथाही हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच आहेत. संपादक दुसऱ्या खंडाचे बोलत आहेत. त्यांनी तो खंड पारापासून न सुरू करता चुलीपासून आणि दर्ग्यापासून सुरू करावा. तोवर वाचकाने आधी नाक्यावरचे किस्से वाचावेत, मग नाथांचे अर्जदस्त, आणि आयर्विंगचा गव्हर्नर त्या दोहोंच्या मधे.

वैराग